बोलण्यावर बंदी होती तेव्हा...

केज, प्रतिनिधी

मराठी मुलखातील कोणत्याही तालुक्याच्या गावी एसटी स्थानकाजवळच्या हॉटेलात शिरले, की भिंतीवर दोन पाट्या बहुधा दिसतात. एक उधारी बंद असल्याची आणि दुसरी राजकीय चर्चा करू नये अशा विनंतीची. पहिली पाटी लोक थोडीफार पाळतात. दुसरी कोणीच पाळत नाही. केजसारख्या गावात तर चहाचा कप पुढे येण्यापूर्वीच कोणाचे तिकीट कापले जाणार आणि कोणता पुढारी कोणत्या गटात जाणार याचा हिशेब सुरू झालेला असतो. पाऊसपाणी, ऊसतोडीची उचल, पीक विमा, आरक्षण असा कोणताही विषय निघाला तरी त्याचा शेवट राजकारणावरच होतो.

या चर्चा किती मनावर घ्यायच्या, हा प्रश्न एरवी गमतीचा ठरला असता. परंतु बीड जिल्ह्याने २०२४ मध्ये त्याची दुसरी बाजू पाहिली. लोकसभा निवडणुकीत जातीय तणाव शिगेला पोहोचला, निकाल अवघ्या साडेसहा हजार मतांच्या फरकाने लागला आणि त्यानंतर एकमेकांच्या दुकानांतून खरेदी न करण्याची भाषा जिल्ह्यात ऐकू आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि जिल्ह्याचे नाव अनेक महिने राज्यभर गाजत राहिले. वर्षानुवर्षांचा स्नेह असलेल्या माणसांनाही समोरच्याशी बोलताना शब्द तोलावे लागले. हॉटेलातल्या त्या दुर्लक्षित पाटीचा अर्थ अनेकांना तेव्हा उमगला.

राजकारणावर बोलू नये, ही पाटी एके काळी साऱ्या मराठवाड्यालाच लावलेली होती. ती लावणारे हैदराबादच्या निजामाचे सरकार होते आणि ती न पाळणाऱ्यांसाठी तुरुंग होता. ही पाटी उतरवण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या स्वामी रामानंद तीर्थ यांनी आपल्या कार्याची उभारणी केजपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावरील अंबाजोगाईच्या एका शाळेत केली. रोजच्या बोलण्यातले राजकारण किती गांभीर्याने घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चरित्रात सापडते. त्यासाठी ते चरित्र पुन्हा एकदा उलगडून पाहणे उचित ठरेल.

सोलापूरचा विद्यार्थी

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी आजच्या कर्नाटकातील विजापूर जिल्ह्यात सिंदगी येथे त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती. शिक्षणासाठी ते सोलापूरला आले आणि त्या गिरणगावातच त्यांच्या मनाची घडण झाली. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले, तेव्हा व्यंकटेश सतरा वर्षांचाही झालेला नव्हता. त्या वयात त्याने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याची प्रतिज्ञा केली. अशा प्रतिज्ञा त्या काळात अनेक तरुणांनी केल्या. संसाराची वेळ आली तेव्हा त्यातील बहुतेक मागे पडल्या. व्यंकटेशची प्रतिज्ञा मात्र अखेरच्या श्वासापर्यंत टिकली.

त्यानंतर लगेचच महात्मा गांधींच्या असहकार चळवळीने देश ढवळून निघाला. सरकारी शाळा सोडून हा विद्यार्थी राष्ट्रीय शिक्षणाकडे वळला. अमळनेर आणि पुढे पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ असा त्याचा प्रवास झाला. शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केले. जोशी हे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक होते आणि मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडत असत. त्यांच्यासोबत मुंबई व दिल्ली येथे वावरताना खेडगीकरांना कायदेमंडळाच्या कामकाजाची आणि कामगारांच्या संघटनेची प्रत्यक्ष ओळख झाली. गिरणी कामगाराच्या पगाराचा प्रश्न सभेत मांडायचा, तर त्यामागे किती माहिती, किती आकडेवारी आणि किती चिकाटी लागते, हे त्यांनी जवळून पाहिले.

प्रकृती ढासळल्यामुळे हे काम त्यांना सोडावे लागले. त्यानंतर त्यांनी आपले कार्यक्षेत्र म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानातील एखादे मोठे शहर निवडले नाही. निजामाच्या राज्यातील एका आडगावाची त्यांनी निवड केली.

हिप्परग्याहून मोमिनाबादला

उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील हिप्परगा येथे असहकाराच्या लाटेत एक राष्ट्रीय शाळा निघाली होती. १९२०च्या दशकाच्या अखेरीस खेडगीकर या शाळेत आले. शाळेभोवती ना मोठी बाजारपेठ होती, ना रेल्वे. तरीही मराठवाड्यातील पुढच्या पिढीचे अनेक कार्यकर्ते या शाळेशी जोडले गेले. हिप्परग्याच्या काळातच, १९३०च्या दशकाच्या आरंभी, त्यांनी स्वामी रामतीर्थ यांच्या परंपरेत संन्यासदीक्षा घेतली. व्यंकटेश खेडगीकरांचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. भगवी वस्त्रे अंगावर आली, पण शिकवणे थांबले नाही. संन्याशाने संसार सोडायचा असतो, समाज सोडायचा नसतो, असा अर्थ त्यांनी आपल्या आचरणातून लावला.

१९३५ मध्ये ते मोमिनाबादला आले. मोमिनाबाद हे अंबाजोगाईचे निजामी राजवटीतील नाव. येथील योगेश्वरी विद्यालयाची धुरा त्यांनी सांभाळली. हिप्परग्यापासूनचे त्यांचे सहकारी रामचंद्र गोविंद उर्फ बाबासाहेब परांजपे हेही या कार्यात त्यांच्यासोबत होते. राज्याचा कारभार उर्दूतून चाले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी मुलाला मातृभाषेतून शिकण्याची सोय फार थोड्या ठिकाणी होती. खासगी शाळा काढायची तरी सरकारची परवानगी लागे आणि ती सहजासहजी मिळत नसे. अशा परिस्थितीत मराठी शाळा चालवणे हेच एक सार्वजनिक कार्य होते. आज योगेश्वरीच्या आवारातून जाणाऱ्या विद्यार्थ्याला हे खरे वाटणार नाही, पण त्या काळी वर्गात इतिहासाचा धडा शिकवणाऱ्या मास्तरांना प्रत्येक वाक्य जपून उच्चारावे लागत असे.

गश्ती निशाण त्रेपन्न

हे जपून बोलणे कशामुळे आले होते, हे समजून घेतले पाहिजे. हैदराबाद हे हिंदुस्थानातील सर्वांत मोठे संस्थान होते. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा विस्तार, १६ जिल्हे आणि १९४१च्या जनगणनेनुसार एक कोटी ६० लाखांहून अधिक लोकसंख्या, असा त्याचा पसारा होता. त्यात तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी प्रजा होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे म्हणजे त्यातील मराठवाडा. या प्रजेला कारभारात स्थान नव्हते आणि कारभाराविषयी बोलण्याची मोकळीकही नव्हती.

१९२९ मध्ये निजाम सरकारने काढलेले परिपत्रक गश्ती निशाण त्रेपन्न या नावाने ओळखले जाते. त्यानुसार पूर्वपरवानगीशिवाय सार्वजनिक सभा भरवता येत नसे. सभा कोण भरवणार, अध्यक्ष कोण आणि विषय कोणता, हे आधी कळवावे लागे. राजकीय विषयाला तर परवानगी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आखाडे, खासगी शाळा आणि वर्तमानपत्रे यांच्यावरही निरनिराळे निर्बंध होते. आ. कृ. वाघमारे यांचे 'मराठवाडा' हे साप्ताहिक संस्थानाबाहेर, पुण्यातून निघे आणि त्यावर बंदी आली, की नवे नाव घेऊन पुन्हा निघे. सरकारचा आदेश एका नावापुरता असे आणि वाचकाला नावापेक्षा मजकुराशी कर्तव्य असे.

जेथे सभा नाही, वृत्तपत्र नाही, कायदेमंडळ नाही, तेथे राजकारण कोठे करायचे? मराठवाड्यातील लोकांनी त्यासाठी रोजच्या जीवनातलीच ठिकाणे शोधली. वाचनालये निघाली. गणेशोत्सव आणि मेळे भरू लागले. १९३७ मध्ये निजाम राज्यातील मराठी साहित्य परिषद स्थापन झाली. वरवर पाहता हे सारे सांस्कृतिक कार्य होते आणि ते तसे खरोखर होतेही. परंतु वाचनालयात पुण्या-मुंबईचे वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाऊ लागले, की ऐकणाऱ्यांच्या मनात आपल्या राज्याविषयी प्रश्न उभे राहत. ओसरीवर, पारावर, शाळेच्या खोलीत हलक्या आवाजात जे बोलले जाई, त्यातूनच कार्यकर्ते तयार झाले.

आजच्या हॉटेलातील गप्पांशी याची तुलना केली, तर एक फरक ठळकपणे जाणवतो. त्या काळी राजकारणावर बोलणाऱ्या माणसाला त्या बोलण्याची किंमत ठाऊक होती. आपण काय बोलतो, कोणासमोर बोलतो आणि उद्या त्यासाठी काय करावे लागेल, याचा विचार केल्यावाचून तो तोंड उघडत नसे. किंमत मोजावी लागत असल्यामुळे शब्द आपोआपच तोलले जात.

एका शब्दासाठी आठ वर्षे

१९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. पुढच्या वर्षी श्रीधर वामन नाईक यांच्या अध्यक्षतेखाली लातूरला दुसरे अधिवेशन झाले. आंध्र आणि कर्नाटक भागांतही अशाच परिषदा कार्यरत होत्या. या परिषदांच्या मागण्या आज वाचल्या तर अगदी साध्या वाटतात. मातृभाषेतून शिक्षण, सभा भरवण्याचे स्वातंत्र्य, जबाबदार राज्यपद्धती, एवढाच त्यांचा गाभा होता. स्वामीजी परिषदेचे सरचिटणीस झाले आणि १९३८ मध्ये अंबाजोगाईची शाळा सोडून पूर्ण वेळ सार्वजनिक कार्यासाठी हैदराबादला गेले. योगेश्वरीतील त्यांची कारकीर्द अवघी तीन वर्षांची. पण शिक्षकाची नोकरी सोडून निघालेल्या या संन्याशाचा पिंड अखेरपर्यंत शिक्षकाचाच राहिला.

तिन्ही भाषिक परिषदांतील कार्यकर्त्यांनी मिळून हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे ठरवले. सरकारने सप्टेंबर १९३८ मध्ये, संघटना रीतसर जन्माला येण्यापूर्वीच, तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रहाला प्रारंभ झाला. गोविंदराव नानल यांच्या पहिल्या तुकडीनंतर काही दिवसांतच स्वामीजींनीही सत्याग्रह केला आणि त्यांना तुरुंगवास घडला. सत्याग्रहींनी काय केले होते? बंदी असलेल्या संघटनेचे नाव घेऊन आपण तिचे सभासद आहोत, असे भर रस्त्यात जाहीर केले होते. एरवी जे वाक्य चहा पिताना सहज बोलून जावे, त्या वाक्यासाठी माणसे तुरुंगात गेली.

पुढे सरकारशी वाटाघाटी झाल्या, तेव्हा घोडे अडले ते काँग्रेस या शब्दावर. नाव बदला, बंदी उठवू, असा सरकारचा पवित्रा होता. पर्यायी नावेही पुढे आली. काही नेमस्त कार्यकर्त्यांना तडजोड मान्य होती, कारण नावापेक्षा काम महत्त्वाचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो अगदीच चुकीचा नव्हता. स्वामीजींचे मत मात्र निराळे होते. नाव सोडणे म्हणजे देशाच्या स्वातंत्र्यलढ्याशी असलेले नाते तोडणे, असे ते मानत. १९४० मध्ये त्यांनी वैयक्तिक सत्याग्रह केला आणि पुन्हा तुरुंग पत्करला. १९४२ मध्ये मुंबईच्या ऐतिहासिक अधिवेशनानंतर हैदराबादला परतताच त्यांना अटक झाली. अखेर जुलै १९४६ मध्ये बंदी उठली. जवळपास आठ वर्षे एका शब्दासाठी झुंज चालली होती. राजकारणात शब्दाला किती वजन असू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

लातूरचे वकील आणि अंबाजोगाईचे मास्तर

शब्दाच्या सामर्थ्याची दुसरी बाजूही याच भूमीने पाहिली. कासिम रझवी हा लातूरचा वकील. १९४६ मध्ये तो मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेचा अध्यक्ष झाला आणि रझाकारांची सशस्त्र दले त्याच्या नेतृत्वाखाली वाढली. लातूर आणि अंबाजोगाई ही गावे एकमेकांपासून फारशी दूर नाहीत. एका गावच्या मास्तरांनी शब्द जपून वापरला आणि दुसऱ्या गावच्या वकिलाने तो मोकाट सोडला. रझवीच्या प्रक्षोभक भाषणांनी वातावरण पेटत गेले आणि खेड्यापाड्यांतून लूट, जाळपोळ व हत्यांचे सत्र सुरू झाले. बेफाम भाषेमागून बेफाम कृत्ये येतात, हा अनुभव मराठवाड्याने १९४७ आणि १९४८ या दोन वर्षांत घेतला.

स्वामीजींचा लढा राजवटीविरुद्ध होता, कोणत्याही धर्माविरुद्ध नव्हता. हे पथ्य सांभाळणे सोपे नव्हते. राजा मुसलमान आणि बहुसंख्य प्रजा हिंदू, असे चित्र असताना राज्यकारभारावरील टीका धर्मावरील टीका ठरवणे दोन्ही बाजूंच्या कडव्या मंडळींना सोयीचे होते. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहाबरोबरच आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह सुरू झाले, तेव्हा गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने डिसेंबरमध्ये आपला सत्याग्रह स्थगित केला. राजकीय मागणीला जातीय रंग चढू नये, हा त्यामागील हेतू होता. ऐन भरातील चळवळ थांबवणे अनेक कार्यकर्त्यांना रुचले नव्हते. परंतु या भूमिकेमुळेच सिराजुल हसन तिरमिझी यांच्यासारखे मुस्लिम कार्यकर्ते या लढ्यात सामील होऊ शकले. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाचा पुरस्कार केला आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना त्यासाठी प्राण गमवावे लागले. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात ही नावे आठवणीने घेतली पाहिजेत.

११ जून १९४७ रोजी निजामाने ब्रिटिश गेल्यानंतर आपण सार्वभौम राहणार असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात स्वामीजींच्या अध्यक्षतेखाली हैदराबादेत स्टेट काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि संस्थानाने भारतात सामील व्हावे, अशी मागणी तेथे झाली. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र होत असताना स्वामीजींना अटक झाली. जैसे थे करारानंतर थोडा काळ सुटका मिळाली, परंतु १९४८च्या प्रारंभी ते पुन्हा गजाआड गेले. संस्थानाच्या सरहद्दीवर कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने पोलीस ॲक्शन सुरू केली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. स्वामीजींची तुरुंगातून मुक्तता झाली. हा दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो.

त्या आनंदाला एक काळी किनार आहे आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पोलीस ॲक्शननंतरच्या काळात अनेक जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची चौकशी केली. तिचा अहवाल अनेक दशके प्रकाशात आला नव्हता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे त्यात नमूद होते. राजवट आणि धर्म यांतील जो भेद स्वामीजींनी दहा वर्षे जपला, तो त्या दिवसांत अनेकांनी सोडून दिला. रझाकारांच्या अत्याचारांचा हिशेब ज्यांचा त्यांच्याशी काहीच संबंध नव्हता, अशा शेजाऱ्यांकडून चुकता करून घेतला गेला.

मतभेद आणि माणसे

हैदराबाद मुक्त झाल्यावर स्वामीजींच्या आयुष्यातील दुसरी कसोटी सुरू झाली. शत्रूविरुद्ध लढताना एकत्र असलेली माणसे आता निरनिराळ्या दिशांना जाऊ लागली. स्टेट काँग्रेसमध्ये जहाल आणि मवाळ असे दोन गट पूर्वीपासून होते. मवाळांचे नेते बी. रामकृष्णराव आणि जहालांचे स्वामीजी. शेतजमिनीचा प्रश्न, कुळांचे हक्क, तेलंगणातील सशस्त्र उठाव आणि कम्युनिस्टांविषयीचे धोरण या प्रत्येक बाबतीत वाद होते. १९५२च्या निवडणुकीनंतर रामकृष्णराव हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. स्वामीजींनी कोणतेही मंत्रिपद घेतले नाही.

त्याच सुमारास स्वामीजींचे निकटचे सहकारीही दुरावले. गोविंदभाई श्रॉफ, बाबासाहेब परांजपे आदी डाव्या विचारांची मंडळी काँग्रेसबाहेर पडली. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत स्वामीजी गुलबर्ग्यातून काँग्रेसचे खासदार म्हणून निवडून आले. बीडमधून निवडून आले ते बाबासाहेब परांजपे, तेही विरोधी पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या वतीने. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे ज्यांनी एकत्र शाळा चालवली, ते दोन शिक्षक देशाच्या पहिल्या लोकसभेत दोन विरुद्ध पक्षांचे सदस्य म्हणून बसले. बीड जिल्ह्याच्या राजकीय इतिहासातील ही घटना फारशी सांगितली जात नाही, पण ती सांगण्यासारखी आहे.

हे मतभेद वरवरचे नव्हते. समाजव्यवस्था कशी बदलावी, जमीन कोणाकडे असावी, सरकारात राहून काम करावे की बाहेर राहून, असे मूलभूत प्रश्न त्यांच्या मुळाशी होते. कोणाला तिकीट नाकारले म्हणून ही फूट पडली नव्हती. मतासाठी जुनी सोबत सोडावी लागली, तर ती सोडण्याची या माणसांची तयारी होती. राजकारण गांभीर्याने घेण्याचा हाही एक अर्थ आहे. पण त्यापुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. स्वामीजींच्या पश्चात त्यांच्या नावाने संशोधन संस्था उभी राहिली, तेव्हा तिच्या उभारणीत पुढाकार घेतला तो गोविंदभाईंनी. पक्ष सुटला होता, पण आदर सुटला नव्हता. एखाद्याच्या मताशी भांडण असणे आणि त्या माणसाशी वैर असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे त्या पिढीला समजावून सांगावे लागत नव्हते.

१९५७ मध्ये स्वामीजी औरंगाबादमधून पुन्हा लोकसभेवर गेले. हैदराबाद राज्याचे भाषेनुसार विभाजन व्हावे, अशी भूमिका त्यांनी सातत्याने मांडली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती प्रत्यक्षात आली आणि मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला. ज्या संस्थानासाठी आपण लढलो, त्याचेच अस्तित्व संपावे, असा आग्रह धरणारा नेता विरळाच. भूदान आणि शिक्षण ही त्यांच्या उत्तरायुष्यातील प्रमुख कार्ये होती. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये सुरू झाले, ते त्यांच्याच पुढाकाराने. १९६२ नंतर ते निवडणुकीच्या राजकारणातून दूर झाले. हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहिल्या आणि त्या १९६७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्या शिष्यवर्गातील.

'स्वाराती'च्या वाटेवर

आज केज तालुक्यातील एखादा रुग्ण गंभीर झाला, की नातेवाईक त्याला अंबाजोगाईला नेतात. तेथील सरकारी रुग्णालय व महाविद्यालयाचे पूर्ण नाव स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. बातम्यांत आणि बोलण्यात त्याचे स्वाराती झाले आहे. नांदेडच्या विद्यापीठालाही १९९४ पासून स्वामीजींचेच नाव आहे आणि तेही असेच आखूड झाले आहे. नाव रोज हजारो तोंडी येते, पण त्यामागचा माणूस क्वचितच आठवतो. केज विधानसभा मतदारसंघात अंबाजोगाई शहरही येते. त्यामुळे ज्या गावात स्वामीजींनी शब्द तोलून वापरायला शिकवले, त्याच गावाच्या राजकारणावर केजच्या हॉटेलांत आज तासन् तास चर्चा रंगते.

या चर्चा बंद व्हाव्यात, असे कोणी म्हणणार नाही. त्या मोकळेपणासाठीच तर स्वामीजींसारखी माणसे तुरुंगात गेली. राजकारणाविषयी न बोलणारा समाज कसा असतो, ते गश्ती निशाण त्रेपन्नच्या काळाने दाखवून दिले आहे. तो शांत दिसतो, पण सुखी नसतो. शाळेची खोली गळते, बंधाऱ्यात पाणी अडत नाही, ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मागे राहिलेल्या मुलांना कोण सांभाळणार हे ठरत नाही, या साऱ्या गोष्टी अखेर राजकारणच ठरवते. त्यांविषयीचे बोलणे हसण्यावारी नेणे म्हणजे आपल्याच आयुष्याकडे पाठ फिरवण्यासारखे आहे.

मात्र कोणत्या पुढाऱ्याची गाडी कोणाच्या दारात उभी होती, या चर्चेला तेवढेच वजन देण्याचे कारण नाही. त्या चर्चेपायी शेजाऱ्याच्या दुकानाची पायरी चढणे सोडण्याचे तर मुळीच नाही. स्वामीजींनी एका शब्दासाठी आठ वर्षे लढा दिला आणि ज्यांच्याशी मतभेद झाले, अशा सहकाऱ्यांनीही त्यांचे नाव आदराने जपले. बोलण्याला कृतीची जोड असावी आणि मताच्या भांडणात माणूस गमावू नये, ही दोन पथ्ये त्यांच्या आयुष्यात शेजारी शेजारी नांदली.

दरवर्षी १७ सप्टेंबरला तहसील कार्यालयांवर ध्वजारोहण होते, हुतात्म्यांना अभिवादन होते आणि तासाभरात मंडळी पांगतात. त्यातील काही जण समोरच्या हॉटेलात चहाला बसतात आणि बोलणे सहजच राजकारणाकडे वळते. भिंतीवरची पाटी तशीच असते. तिच्याकडे दुर्लक्ष करून मोकळेपणी बोलता येते, ही त्या दिवसाची कमाई आहे. ती कशी खर्च करायची, हे मात्र टेबलाभोवती बसलेल्यांनी ठरवायचे आहे.